घर कोणाच्या नावावर, म्हातारपण कोणाच्या अंगावर

ज्या कोकणाने मुंबईच्या गिरण्यांना आणि गोद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवली, त्या कोकणात म्हातारपण उघड्यावर दिसतं. शहरात ते सातव्या मजल्यावर, बंद दाराआड असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीतून भर दुपारी चालत गेलं, तर आधी कुलूप लावलेली घरं लागतात. ती गणपतीत आणि शिमग्याला उघडायची. उरलेल्या घरांच्या पडवीत साठी-सत्तरीच्या पुढचं एखादं माणूस बसलेलं असतं, फार तर दोन. पूर्वी चाकरमान्यांची मनीऑर्डर यायची. आता पैसे मोबाइलवर येतात आणि पोस्टमन दारात थांबत नाही. महिन्यातून एकदा विचारपूस करणारं ते एक माणूसही गेलं.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. २०५० च्या आसपास दर पाच भारतीयांतला एक साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. महाराष्ट्राला हे आधी भेटणार, कारण इथला जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ वर आला आहे. नवरा-बायकोमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. आकडे एवढे पुरेत. मला लिहायचं आहे ते या आकड्यांच्या आत, घराघरांत चाललेल्या भांडणाबद्दल. ते भांडण मला दोन्ही बाजूंनी खरं वाटतं.

त्यासाठी दोन बायका समोरासमोर बसवतो आहे. दोघीही मी पाहिलेल्या, ऐकलेल्या अनेकींमधून घडवलेल्या आहेत. एक आत्या : जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आता ज्येष्ठ नागरिक संघाचं काम करते आणि पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्यांचे अर्ज लिहून देते. दुसरी तिच्या दिवंगत भावाची मुलगी : ठाण्याला बँकेत नोकरी, घरी स्मृतिभ्रंश झालेली सासू. भाची रजा काढून गावी आली आहे. आत्याला कायमची ठाण्याला न्यावी असं तिच्या मनात आहे, पण तो विषय अजून निघालेला नाही.

आत्या : सकाळी आलेले गृहस्थ बघितलेस ना? राहतं घर आणि कलमांची बाग मुलाला बक्षीसपत्राने देऊन बसले. आता मुलगा म्हणतो, बाग विकायची आहे, तुम्ही ताईकडे जा. राहतं घर किंवा शेती मुलाला नाहीतर मुलीला बक्षीस द्यायची तर आपल्याकडे मुद्रांक शुल्क २०० रुपये. इतकं स्वस्त म्हटल्यावर माणसं करून टाकतात. ‘आज ना उद्या त्याचंच आहे’ म्हणतात. आणि त्या अख्ख्या कागदात एक ओळ नसते, की मुलगा मला सांभाळील.

भाची : ती ओळ असती तर काय झालं असतं?

आत्या : २००७ च्या कायद्याचं कलम २३ लागलं असतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून रद्द करून घेता येतो. पण अट होती हे दिसायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हेच सांगितलं, की अट नसेल तर हे कलम उपयोगाचं नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द करून मालमत्ता तिला परत दिली. त्या बाईकडे मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं.

भाची : पोटच्या पोराकडून वचनपत्र! ज्या घरात असा कागद करावा लागतो, त्या घरात सांभाळ काय होणार, आत्या?

आत्या : जिथे कागद नव्हता तिथे काय झालं, ते सकाळी आपल्या ओटीवर बसलं होतं. आणि मी तर त्याच्याही पुढचं सांगते सगळ्यांना : बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. साधा कागद, दोन साक्षीदार, मनात येईल तेव्हा बदलता येतं. डोळे मिटेपर्यंत घर आपल्या नावावर. लोक म्हणतात, हा मुलावर अविश्वास झाला. अगं, ज्याला रात्री झोपायला स्वतःचं छप्पर आहे त्यालाच मुलाशी मोकळेपणी भांडता येतं. ज्याने छप्पर दिलं, तो भांडत नाही, तो गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्याला आपण समंजसपणा म्हणतो.

भाची : आता दुसरी बाजू ऐक. आमच्या खालच्या मजल्यावरचं घर. इमारतीला गळती लागलीय, पुनर्विकासाला सोसायटीतल्या सगळ्यांनी सह्या दिल्या, त्या घरातले वडील देत नाहीत. त्यांनीही कुठेतरी तुझ्यासारखंच ऐकलंय की सही केली की आपण संपलो. मुलगा पंचेचाळिशीचा. पगार सगळा त्याच घरात जातो, पण त्या घराबद्दल एक शब्द बोलायची सोय नाही. बायको-मुलांना घेऊन भाड्याने जायची ऐपत नाही. त्या मुलाला तू काय सांगशील? वडील डोळे मिटेपर्यंत थांब?

आत्या : त्याच्या वडिलांना मी सांगेन की सही कर, पण नव्या घराच्या करारात स्वतःचं नाव पहिलं घाल.

भाची : म्हणजे पुन्हा कागद.

आत्या : पुन्हा कागद. नटसम्राट रंगभूमीवर आलं १९७० साली. तेव्हापासून आपण बेलवलकरांसाठी रडतो आहोत. रडून झाल्यावर घरी येऊन तेच करतो, सगळं वाटून मोकळे होतो.

या मुद्द्यावर मी आत्याच्या बाजूचा आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने आपलं सगळं वाटून टाकणं हे पुण्यकर्म समजलं जातं आणि हातात काही राखून ठेवणारा लोभी ठरतो. ज्या समाजात साठीनंतर दहा वर्षं मिळाली तरी खूप झाली असं वाटत होतं, त्या समाजाचा हा हिशेब होता. आज साठीनंतरची वीस वर्षं अनेकांच्या वाट्याला येतात. वीस वर्षं दुसऱ्याच्या दयेवर काढायला सांगणं हा क्रूरपणा आहे, आणि तो मुलगा कितीही चांगला असला तरी क्रूरपणाच राहतो. पण भाचीचं गाऱ्हाणं अजून सुरूच झालेलं नव्हतं.

भाची : तुझ्या कायद्यात मी कुठे आहे, सांग बघू.

आत्या : म्हणजे?

भाची : मुलं म्हणजे कोण, ते कायद्याने लिहिलंय ना? मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. बरोबर?

आत्या : बरोबर. २०१९ च्या डिसेंबरात सुधारणा विधेयक आलं होतं लोकसभेत. सून-जावई घालायचे, निर्वाहावरची १०,००० रुपयांची मर्यादा काढायची, असं बरंच होतं. ते पुढे गेलंच नाही, लोकसभेची मुदत संपली.

भाची : नाही गेलं ते बरं झालं. नुसतं कर्तव्यात मला घालणार होते. सासूच्या मालमत्तेत नवरा हयात असेपर्यंत माझा काही वाटा नाही. तो मला नकोही आहे. पण निदान कामाची नोंद? सकाळी उठल्या उठल्या त्यांची चादर बदलते. अंघोळीला नेलं की त्यांना वाटतं कुणी परकी बाई कपडे काढतेय, त्या मारतात. मी दार लावून कामाला जाते तेव्हा ब्युरोची मावशी आलेली असते. नाही आली, तर माझी रजा. चोवीस तासांची बाई ठेवायची तर महिन्याला पंचवीसएक हजार. तुझा कायदा निर्वाहासाठी जास्तीत जास्त देववतो दहा हजार! केंद्र सरकारच्या नोकरीत मुलं सांभाळायला ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती हवीच. म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणाशी बसायला वेगळी रजा कुठे आहे? नणंद परदेशातून रोज व्हिडिओ कॉल करते. परवा म्हणाली, आईचे केस का कापले? कापले, कारण त्या धुऊ देत नाहीत, गुंता होतो, जखम होते. हे मी तिला सांगितलं नाही. नवरा म्हणाला, जाऊ दे, तिला वाईट वाटेल. माझं वाईट वाटणं कुठल्या कलमात बसतं?

आत्या : अगं...

भाची : थांब, पुरं बोलू दे. बेंगळुरूचं एक प्रकरण आहे, आमच्या बँकेच्या वकिलांनी सांगितलं होतं. नवऱ्याने घर घेतलं, मग बापाच्या नावावर केलं, बापाने ते आईला बक्षीस दिलं. नवरा-बायकोचं बिनसलं. मग सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज केला की सुनेला घराबाहेर काढा, आणि अधिकाऱ्यांनी काढायचा हुकूम दिला! सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं तिला.

आत्या : माहीत आहे ते. डिसेंबर २०२० चा निकाल. न्यायालयाने सांगितलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने सुनेला मिळालेला घरात राहण्याचा हक्क अशा झटपट हुकमाने संपत नाही. दोन्ही कायदे एकमेकांना सांभाळून वाचायचे.

भाची : न्यायालय सांभाळून वाचतं. घरात कोण वाचतं? ज्येष्ठांच्या हक्कासाठी म्हणून केलेली गोष्ट घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या बाईवर चालवली गेली. मग मी या कायद्याला आपला कसा म्हणू?

आत्या : तू मला मुलांची बाजू सांगत होतीस असं मला वाटत होतं. तू तर बायकांची सांगते आहेस.

भाची : म्हातारपण सांभाळतं कोण, आत्या? मुलगा पैसे देतो. सांभाळतात बायका. आणि ज्यांना सांभाळायचं त्याही शेवटी बहुतेक बायकाच असतात, कारण नवऱ्याच्या मागे त्या उरतात.

आत्या : मान्य. पण मग ऐक, तू ज्या कायद्यावर चिडली आहेस त्याच्यात तुझ्या उपयोगाचं एक आहे, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. ज्या मुलाविरुद्ध अर्ज होतो, तो दुसऱ्या भावंडांनाही त्यात ओढू शकतो. आणि लग्न झालेल्या मुलीची जबाबदारी नवीन नाही. कल्याणच्या एका डॉक्टरबाईंवर त्यांच्या वडिलांनीच महिन्याला ५०० रुपयांचा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितलं, मुलीचं लग्न झालं म्हणून ती आई-बापांना परकी होत नाही. तुझी नणंद परदेशात असली तरी मुलगीच आहे. केसांबद्दल बोलते तर मावशीच्या पगाराबद्दलही बोलू दे.

भाची : अर्ज कोण करणार? आईंना स्वतःचं नाव आठवत नाही.

आत्या : त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते, संस्था करू शकते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. प्रांत म्हणजेच ते न्यायाधिकरण. नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं लिहिलं आहे.

भाची : देतात?

आत्या : कधी देतात, कधी नाही. प्रांताला निवडणूक असते, पूर असतो, भूसंपादन असतं. म्हाताऱ्यांची फाइल खाली जाते. म्हणून मी जाऊन बसते.

भाची : मला नणंदेवर नोटीस काढायची नाहीये. मला एक दिवस हवाय. आठवड्यातला एक दिवस, ज्या दिवशी आईंना कुणीतरी नेईल, जेवू घालेल, संध्याकाळी परत आणून सोडेल. लहान मुलांसाठी पाळणाघर गल्लोगल्ली आहे. आमच्याकडे महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे, चांगलं आहे, पण ते चालत्या-बोलत्यांसाठी. कॅरम, वर्तमानपत्रं, वाढदिवस. आई तिथे चालत नाहीत, कारण त्या मध्येच उठून निघून जातात.

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मलाही इथे थांबून एक सांगायचं आहे. २००७ चा कायदा वाचताना मला सगळ्यात जास्त खुपतं ते असं : मुलांवर तो बंधन घालतो, आई-वडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगतो, आणि सरकारकडे वळला की सैल होतो. प्रत्येक जिल्ह्यात गरीब ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम काढायची सरकारला मुभा आहे, सक्ती नाही. मुलाने चुकवलं तर प्रांतापुढे उभं राहायचं. सरकारने चुकवलं तर कोणापुढे? आसामने २०१७ मध्ये कायदा केला, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याचा पगार कापायचा. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने पगाराच्या ३० टक्के कापायचं ठरवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं मुलांच्या खिशातून. सार्वजनिक पैशातून काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, आणि आत्यासारखी जागरूक बाईसुद्धा तो विचारायला विसरली होती, असं मला वाटतं. तिला आठवण झाली ती वरच्या वाडीतल्या एका बाईची.

आत्या : वरच्या वाडीत एक म्हातारी आहे. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, जमीन नाही. आयुष्यभर लोकांचा भात लावला, कापला. मी मघापासून कायदा कायदा करते आहे, पण तिला या कायद्यात काही नाही. मूल नसलेल्या माणसाचा ‘नातेवाईक’ कायद्याने कोण? ज्याच्याकडे तिची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, तो. तिच्या नावावर दोन गुंठे असते तर पुतण्या तिचा नातेवाईक झाला असता. काही नाही म्हणून ती कुणाचीच नाही.

भाची : मग खाते काय?

आत्या : श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये. त्यालाही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. बारा महिन्यांवर भाग, महिन्याला १,७५० होतात. एवढ्यात जो भागवतो त्यालाच गरीब म्हणायचं! त्यात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये. मी शाळेत होते तेव्हाही २००, आज मी निवृत्त होऊन बसले तरी २००. वर हयातीचा दाखला. तिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. विळा धरून, चिखलात राबून बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत. समोर जिवंत बाई उभी आहे आणि यंत्र म्हणतं, ओळख पटत नाही.

भाची : बघ, आत्या. मी हेच सांगते आहे. तिला मुलगा असता तरी काय झालं असतं? तोही मुंबईत कुठे सिक्युरिटीत बारा तास उभा राहून कमावत असता. त्याच्यावर दावा लावून तू त्याच्या पोरांच्या शाळेची फी तिच्या औषधाला दिली असतीस. गरिबाकडून काढून गरिबाला. त्याला हक्क म्हणायचं?

आत्या : मुलगा असता तर दिवसातून एकदा फोन आला असता, हेही धर. सगळंच पैशात मोजू नकोस.

भाची : नाही मोजत. पण फोनसाठी कायदा लागत नाही. पैशासाठी लागतो, आणि तो पैसा सगळ्यांनी मिळून द्यायचा आहे. तू इतक्या ठामपणे ‘मी माझ्या घरात राहीन’ म्हणतेस ते कशाच्या जोरावर? पेन्शनच्या.

आत्या : हो, पेन्शनच्या. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पस्तीस वर्षं शिकवलं.

भाची : तुझ्याच शाळेत आज शिकवणाऱ्यांना ती नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. माझे सासरे कारखान्यात होते. त्यांची ईपीएस-९५ ची पेन्शन इतकी होती की त्यांची ब्लडप्रेशरची औषधं त्यात जेमतेम बसायची. किमान १,००० रुपये, २०१४ पासून. तू जे शहाणपण लोकांना सांगतेस ना, घर नावावर ठेवा, मान वर ठेवा, ते ज्याला घर आहे आणि पेन्शन आहे त्याच्यासाठी आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना दुसरं नसेल आणि पहिलं कर्जावर असेल.

आत्या : मग तुम्ही पोरं पेन्शन घेणाऱ्यांवर का चिडता? ‘यांच्यावर सरकारचा पैसा जातो’ म्हणणारे तुमच्याच वयाचे असतात.

भाची : चिडतात, कारण तुमचे संघ कधी त्यांच्या पेन्शनसाठी बोलत नाहीत. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यावर निवेदनं, धरणी. बरोबरच आहे, ती परत मिळायला हवी. पण रिक्षावाल्याच्या, डिलिव्हरीवाल्याच्या म्हातारपणासाठी तुमच्या संघाने कधी ठराव केलाय?

आत्या : नाही केला.

एवढं बोलून ती उठली आणि भाचीसाठी कोकम सरबत करून घेऊन आली. बोलणं तुटलं नाही. मला ज्येष्ठ नागरिक संघांबद्दल आदर आहे. त्यांनी एकट्या माणसांना संध्याकाळ दिली, आणि कचेऱ्यांमध्ये दाद मागितली. पण सभासद कोण, हे पाहिलं तर निवृत्त शिक्षक, बँकवाले, टपाल खात्यातले. वरच्या वाडीतली बाई तिथे येत नाही. तिला वर्गणी परवडत नाही, असं कुणी म्हणेल. मला वाटतं तिला तिथे बसायचा संकोच वाटतो, आणि तो घालवणं संघाचं काम आहे.

आत्या : माझ्या लक्षात एक येतंय. आम्हाला जे मिळालं आणि टिकलं, त्यात मुलाचा संबंधच नाही. एसटी बघ. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट. वय दाखवा आणि बसा. मुलगा सांभाळतो का, सून कशी आहे, घरात उत्पन्न किती, कंडक्टर विचारत नाही. आणि गावातल्या बायका तालुक्याला काय जायला लागल्या! डोळे तपासायला, बहिणीला भेटायला, नुसतं फिरायलासुद्धा. सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचं कार्ड मिळायला लागलं ऑक्टोबर २०२४ पासून, पाच लाखांपर्यंतचे उपचार. तिथेही उत्पन्नाची अट नाही.

भाची : तेच! तिथे तू नागरिक असतेस. प्रांताकडे जातेस तेव्हा तू कुणाची तरी आई किंवा बाप असावं लागतं. तू कुणाचीच आई नाहीस. मला सांग, तुझं काय?

आत्या : माझं कायद्याने कोण? तूच. तुझे बाबा गेले, म्हणजे हे घर माझ्यामागे तुझ्याकडे येणार. वारस म्हणून तू माझी ‘नातेवाईक’. उद्या मी हे घर शाळेला लिहून दिलं, तर तू कायद्याने माझी कुणी नाहीस.

भाची : मग दे लिहून शाळेला. आणि ठाण्याला चल.

इथे तो विषय निघाला. आधी निघाला असता तर दोघीही सवयीची वाक्यं बोलल्या असत्या. आता घर बाजूला ठेवून बोलणं शक्य होतं.

आत्या : मी नाही येणार.

भाची : जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढलं तेव्हा मी रात्रभर फोन लावत होते. तुझं गाव वर आहे, पाणी येणार नाही, सगळं मला कळत होतं. तरी लावत होते. रस्ता बंद, वीज नाही, टॉवर बंद. तू पडलीस, हाड मोडलं, तर इथे कळणार कुणाला? तुला तुझं स्वातंत्र्य हवं, आणि तुझ्या स्वातंत्र्याची काळजी मी करायची. ती कुठल्या हक्कात मोडते?

आत्या : पडेन कदाचित. ठाण्यालाही पडू शकते, तुझ्या त्या गुळगुळीत फरश्यांवर. पडायचं कुठे ते मला ठरवू दे. तुमच्याकडे आले की मी पाहुणी होते. टीव्ही कधी लावायचा, दुपारी दार उघडं ठेवायचं की नाही, भाजीवाल्याशी किती वेळ बोलायचं, सगळं विचारून. इथे सकाळी अंगणात उभी राहिले तरी चार माणसं काम घेऊन येतात. तिथे मला काम काय? तुमच्या काळजीचा विषय होणं, एवढंच.

भाची : चार माणसं एका घरात राहतात तेव्हा टीव्ही कधी लावायचा हे कुणालाच एकट्याने ठरवता येत नाही. मलाही येत नाही. तू आयुष्यभर एकटी राहिलीस, म्हणून तुला ते जाचतं. आम्हाला रोज जाचतं, आम्ही राहतो.

आत्या : खरं आहे ते. पण या वयात मी ते नव्याने शिकणार नाही.

भाची : मग निदान पावसाळ्यात ये. जुलै-ऑगस्ट. पंचाहत्तरीच्या फुकट तिकिटाची वाट बघू नकोस, अर्ध्या तिकिटाने ये.

आत्या : आईंचं एवढं सगळं तुझ्यावर, त्यात मी?

भाची : तूच मघाशी म्हणालीस, तुला काम हवं. आईंना लहानपणच्या कविता आठवतात. बाकी सगळं गेलं, त्या राहिल्यात. तू मास्तरीण. तू बसलीस त्यांच्याजवळ दोन तास, तर मला माझा तो एक दिवस मिळेल. पण मी फुकट राबवून घेणार नाही. नणंदेला सांगणार आहे, मावशीचा अर्धा पगार तिने पाठवायचा. नोटीस न काढता. तू नुसतं मला ते कल्याणचं प्रकरण नीट लिहून दे, मी तिला वाचायला पाठवते.

आत्या : देते. आणि संघाच्या सभेत मी ठराव मांडते. पहिला, श्रावणबाळची २१,००० ची अट काढा आणि रक्कम वाढवा.

भाची : पहिला, तालुक्याच्या गावी एक दिवसपाळीचं केंद्र. अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरी येणारी नर्स. त्याशिवाय मी सही नाही करणार.

आत्या : तू सभासदच नाहीस. साठ वर्षं व्हायला हवीत.

भाची : ती अट पण काढा. जी सांभाळते तिलाही सभेत बसू द्या.

आत्या : हा ठराव अवघड जाईल. अध्यक्ष ऐकायचे नाहीत.

भाची : मांड तरी.

आत्या : मांडते. आणि पावसाळ्याचं म्हणशील तर येते, पण माझ्या अटी आहेत. घराची एक चावी माझ्याजवळ. किराण्यात माझा वाटा मी देणार. आणि सप्टेंबर लागला की गणपतीच्या आधी मी इथे परत, तेव्हा कुणी अडवायचं नाही.

भाची : चालेल. माझीही एक आहे. एखाद्या वर्षी आईंचं फार वाढलं, तर मी ‘यंदा येऊ नकोस’ म्हणेन. तेव्हा तू रागवायचं नाहीस.

आत्या : रागवेन. पण येणार नाही.